रात्रभर राहणे आवश्यक होते काय?

विमा कंपन्यांकडून येणाऱ्या पत्रांत दोन शब्द वारंवार वाचावयास मिळतात : ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’. आणि पुष्कळदा त्यांच्यापुढे ‘नव्हते’ हा तिसरा शब्द असतो. रुग्णाने दवाखान्यात राहणे वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक नव्हते, सबब दावा मंजूर करता येत नाही, अशा आशयाचे ते पत्र असते. तोपर्यंत बिल भरून झालेले असते, कोणाचे दागिने गहाण पडलेले असतात, आणि घरात एकच प्रश्न उरतो : आम्ही काय हौसेने गेलो होतो?

हा प्रश्न पैशाचा आहे म्हणून तो मासिकात कशाला, असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही. ‘आवश्यक’ हा शब्द नीतीचा आहे. दुसऱ्याची गरज कोणी ठरवावी, कशावरून ठरवावी, आणि आपली गरज सांगताना आपण कितपत खरे बोलावे, हे सारे त्यात येते. म्हणून त्याचा थोडा निवांतपणे विचार करू या.

एक उदाहरण डोळ्यांपुढे आणा. सिल्वासाजवळच्या खेरडी गावी भाड्याच्या एका खोलीत राहणारा, कारखान्यात काम करणारा, पंचेचाळीस वर्षांचा एक बंधू आहे असे समजा. दादरा आणि नगर हवेलीच्या या भागात कारखान्यांच्या निमित्ताने दूरदूरहून आलेली पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांत आपली मराठी माणसेही आहेत. रात्री अकराच्या सुमारास त्याच्या छातीत दुखू लागते, घाम फुटतो. शेजारी त्याला सिल्वासाला नेतात. पहिला ईसीजी निर्दोष येतो. तरी डॉक्टर म्हणतात, आज ठेवून घेऊ. त्याला कारण आहे. पहिला ईसीजी चांगला आला म्हणजे झटका नाही असे ठरत नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली तर ट्रोपोनिन नावाचे द्रव्य रक्तात वाढते. परंतु ते वाढायला काही तास जातात, म्हणून रक्त पुन्हा तपासावे लागते. तो बंधू ती रात्र आणि दुसरा दिवस तेथे काढतो. दुसरी तपासणीही चांगली येते. आम्लपित्त होते असे निघते. घरी सर्वजण देवाचे आभार मानतात. पुढे महिन्याभराने वर सांगितलेले पत्र येते : मुक्काम केवळ तपासणीसाठी होता.

आता कंपनी हे कोणत्या आधारावर म्हणते ते पाहू. आपल्या देशातील विमा नियामक प्राधिकरणाने ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार’ याची व्याख्या सर्व कंपन्यांसाठी एकच करून दिली आहे. उपचार, तपासणी, औषध किंवा दवाखान्यातील मुक्काम यांना ती लागू आहे, मुक्कामाच्या काही भागालासुद्धा. तिच्यात चार अटी आहेत. तो उपचार त्या आजाराच्या किंवा दुखापतीच्या व्यवस्थेसाठी लागणारा असावा. सुरक्षित, पुरेशी व योग्य काळजी घेण्यास जेवढे लागते त्याहून तो व्याप्तीने, मुदतीने वा तीव्रतेने अधिक नसावा. तो डॉक्टराने सांगितलेला असावा. आणि वैद्यकक्षेत्रात सर्वमान्य असलेल्या रीतीला धरून असावा. याशिवाय सर्वसाधारण पॉलिसीत दाखल होणे म्हणजे सलग किमान चोवीस तास राहणे. ज्या शस्त्रक्रिया व उपचार एका दिवसात उरकतात, त्यांची वेगळी यादी असते. जे दाखल होणे मुख्यत्वे निदानासाठीच असते, आणि जे केवळ विश्रांतीसाठी किंवा शुश्रूषेसाठी असते, ते बहुतेक पॉलिसींत वगळलेले असते.

नियम वाचला की तो वाईट आहे असे आम्हांस म्हणवत नाही. विम्याची पेटी ही कंपनीच्या मालकाची पेटी नव्हे, निदान केवळ त्याची नव्हे. हजारो लोक दरसाल थोडे थोडे टाकतात आणि ज्याच्यावर वेळ येते त्याने त्यातून घ्यावे अशी ती व्यवस्था आहे. १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम पॉलिसी आणली, तेव्हापासून मध्यमवर्गीय कुटुंबे अशा पेटीत पैसे टाकू लागली. २०१८ पासून आयुष्मान भारत योजनेत पात्र गरीब कुटुंबांसाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा खर्च सरकार उचलते. तीही आपल्या सर्वांच्या करांची पेटीच. अशा पेटीवर कोणी राखण ठेवलीच नाही तर काय होते, हे गुजरातने पाहिले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मेहसाणा जिल्ह्यातील कडी तालुक्यात बोरीसणा गावी आरोग्यशिबिर भरले. तेथून एकोणीस गावकऱ्यांना अहमदाबादच्या एका खासगी इस्पितळात नेऊन त्यांची अँजिओग्राफी करण्यात आली, त्यांपैकी सात जणांच्या रक्तवाहिन्यांत स्टेंट बसवण्यात आले, आणि दोघे मरण पावले. खर्च आयुष्मान योजनेवर टाकायचा होता. पुढे गुन्हे नोंदले गेले, इस्पितळ योजनेतून काढून टाकण्यात आले. आपल्या महाराष्ट्रातही बीड जिल्ह्यातील ऊसतोड भगिनींची गर्भाशये विनाकारण काढली जात असल्याची ओरड २०१९ साली झाली, आणि राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. ‘हे खरोखर आवश्यक होते काय?’ असे विचारणारा कोणी असावा लागतो, आणि तो नेहमी गरिबाचा वैरीच असतो असे नाही. बोरीसणाच्या त्या दोघांसाठी हा प्रश्न कोणी वेळीच विचारला असता तर बरे झाले असते.

मग खेरडीच्या बंधूच्या बाबतीत गोष्ट कोठे चुकते? आमच्या मते ती काळाच्या हिशेबात चुकते. रात्री अकरा वाजता डॉक्टरापुढे घामाने भिजलेला मनुष्य होता. महिन्याभराने फाइल वाचणाऱ्यापुढे आम्लपित्ताचे निदान होते. पहिल्याला शेवट ठाऊक नव्हता; दुसऱ्याने शेवटापासूनच वाचायला सुरुवात केली. चोर आला नाही म्हणून राखणदाराची मजुरी बुडवावी काय? व्याख्येच्या चारही अटी पुन्हा वाचून पाहा. शेवटी रोग कोणता निघाला, यावर त्यांतली एकही अट उभी नाही. अशा छातीदुखीत काही तास नजरेखाली ठेवणे ही सर्वमान्य रीत आहे, आणि ती रीत त्या रात्री पाळली गेली. गरज ही त्या घटकेला जे ठाऊक होते त्यावरून ठरवायची असते. हा न्याय आपण रोजच्या व्यवहारात ओळखतो. तापाने फणफणलेल्या लेकरासाठी रात्रभर जागलेल्या आईला सकाळी ताप उतरल्यावर ‘उगाच जागलीस’ असे कोणी म्हणत नाही.

तथापि डॉक्टरांचा शब्द म्हणजे देववाणी असेही आम्ही म्हणत नाही. रिकामी खाट दवाखान्याला परवडत नाही; दावा मंजूर करणे कंपनीला जड जाते. दोघांचाही हात तराजूच्या काट्याजवळ आहे. म्हणूनच केसपेपर महत्त्वाचा. ‘निरीक्षणासाठी दाखल’ एवढेच दोन शब्द लिहिले असतील तर फाइल वाचणाऱ्याला दोष देता येत नाही. छातीत दुखणे केव्हा सुरू झाले, नाडी व रक्तदाब किती होता, कशाची भीती होती, दुसरी तपासणी किती वाजता करायची होती, हे लिहिलेले असले म्हणजे त्या रात्रीची गरज कागदावर उभी राहते. डॉक्टरांना हे लिहिण्याची विनंती करण्यात कमीपणा नाही. जे खरे आहे तेच पूर्ण लिहा, एवढेच आपण मागतो.

येथे आपल्या घरातील एका गोष्टीबद्दल बोलले पाहिजे, ती अवघड आहे. ‘डॉक्टरसाहेब, एक रात्र ॲडमिट दाखवा ना’, ही विनंती आपली माणसेही करतात. प्रार्थनेला येणारी, दशांश देणारी माणसे करतात. गुडघ्याचा एमआरआय काढायचा असतो. बाहेर काढला तर पदरचे हजारो रुपये जातात; दाखल होऊन काढला तर कंपनी देते. मग दुखणे थोडे वाढवून सांगायचे, चोवीस तास पुरे होतील अशा बेताने खाटेवर पडून राहायचे. यात कोणाचे नुकसान झाले, असे ते विचारतात. कंपनी तर कोट्यवधी कमावते.

आमचे उत्तर असे की हे घेणे चोरीचेच आहे, फक्त ज्याचे गेले तो समोर दिसत नाही. पुढल्या वर्षी हप्ता वाढतो तो त्या अनोळखी मनुष्याचाही वाढतो, जो वर्षभर एकदाही दवाखान्याची पायरी चढला नाही. आणि खोट्या मुक्कामाने खऱ्या मुक्कामावर संशय येतो. खेरडीच्या बंधूची फाइल वाचणाऱ्याने आधी अशा दहा फायली वाचलेल्या असतात. त्याचे मन घट्ट झाले त्यात आपल्यापैकी काहींचा वाटा आहे. शिवाय कागदावर वाढवून लिहिलेले दुखणे कागदावरच राहते. पुढे खरोखरीचा आजार आला म्हणजे कंपनी तो जुना कागद काढते आणि हा आजार पॉलिसीपूर्वीचाच होता असे म्हणते. सरकारी दवाखान्यात तर हिशेब आणखी उघडा असतो. सिल्वासाच्या विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलसारख्या ठिकाणी विम्याचा प्रश्न दुय्यम. तेथे खाट हीच पेटी. नको असताना अडवलेली एक खाट म्हणजे दाराशी थांबलेली एक बाई.

परंतु एवढे बोलून थांबलो तर आम्ही दुबळ्यालाच उपदेश केला असे होईल. नियमच असा आहे की उभ्याउभ्या करता येणारी तपासणी पदरच्या पैशाने आणि खाटेवर पडून केलेली कंपनीच्या पैशाने. प्रामाणिक मनुष्याला जो नियम महाग पडतो, तो नियम मोहाची वाट आपणच झाडून देतो. बाहेरील तपासण्यांचा खर्च देणाऱ्या पॉलिसी आता निघाल्या आहेत, पण त्यांचा हप्ता जास्त असतो आणि कामगाराच्या घरी त्या क्वचितच पोचतात. नियम करणाऱ्यांनी याचा विचार करावा, हे म्हणणेही आपले कर्तव्य आहे.

आता आमच्या मते सर्वांत खोल मुद्दा. ‘मुक्काम आवश्यक नव्हता’ हे विधान एकट्या आजाराबद्दल कधीच करता येत नाही. ते रुग्णाच्या घराबद्दलही असते.

आपल्यातील वयस्कर वाचकांनी मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या क्षयरोग सॅनेटोरियमबद्दल ऐकले असेल. क्षयाला स्वच्छ हवा, सकस अन्न व महिनोन्‌महिने विश्रांती हाच उपाय, अशी त्या काळच्या सर्व जाणत्या डॉक्टरांची समजूत होती, आणि ती त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे योग्यच होती. पुढे गुणकारी औषधे निघाली. १९५६ साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचे संशोधन केंद्र सुरू झाले. तेथे काही रुग्णांना सॅनेटोरियममध्ये ठेवून आणि काहींना त्यांच्याच दाटीवाटीच्या गरीब घरी ठेवून तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेल्यांना हवा कमी, अन्न निकृष्ट, विश्रांती थोडी. तरी ते सॅनेटोरियममधल्यांच्या जवळजवळ बरोबरीने बरे झाले. जगभर सॅनेटोरियमे ओस पडू लागली ती अशा अभ्यासांमुळे.

यावरून कोणी म्हणेल, पाहा, मुक्काम आवश्यक नव्हताच. बरोबर, पण मद्रासच्या त्या रुग्णांना नुसते ‘घरी जा’ म्हटले नव्हते. औषधे फुकट मिळत होती. केंद्राची माणसे घरोघर जाऊन गोळ्या घेतल्या की नाही ते पाहत होती. सॅनेटोरियमच्या खाटेपासून जे मिळायचे, त्यातला खरोखर लागणारा भाग कोणी तरी उचलून घरी नेऊन दिला होता. खाट अनावश्यक ठरली ती त्यानंतर.

हेच आपण कोविडच्या साथीत पाहिले. ज्यांचा आजार सौम्य त्यांनी घरीच विलग राहावे, असे केंद्र सरकारचे मार्गदर्शन होते. परंतु त्यातच अट होती की घरी तशी सोय असावी, आणि चोवीस तास पाहणारा कोणी असावा. म्हणजे सरकारने स्वतःच कबूल केले की तोच ताप, तोच खोकला, पण बंगल्यात राहणाऱ्याला मुक्काम अनावश्यक आणि एका खोलीत सहाजण राहणाऱ्याला आवश्यक असू शकतो. हे शहाणपण साथीपुरतेच का असावे, ते आम्हांस कळत नाही. ज्या विधवेच्या मांडीचे हाड जोडून पाचव्या दिवशी तिला घरी जाण्यास मोकळीक मिळाली, तिच्या शरीराला खाटेची गरज संपली हे खरे. पण खोली वरच्या मजल्यावर, संडास खाली, मुलगा दिवसपाळीला. तिला आणखी आठ दिवस ठेवून घ्या म्हटले तर कंपनी ‘विश्रांती व शुश्रूषा’ या कलमावर बोट ठेवते. आणि खरे सांगावयाचे तर कंपनी चुकत नाही. दिवसाला हजारो रुपये भाड्याच्या खाटेवर, नर्सच्या पहाऱ्यात, त्या मातेला जे द्यावयाचे ते म्हणजे वेळेवर जेवण, हाताला आधार आणि संडासापर्यंत सोबत. याला इस्पितळ लागत नाही. पण हे कोणी तरी द्यावे मात्र लागते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण मुलांना शिकवतो तेव्हा जखमांवर तेल व द्राक्षारस घालण्यापाशी जरा जास्त थांबतो. त्यानंतर तो त्या मनुष्याला उतारशाळेत नेतो, रात्र तेथे काढतो, आणि सकाळी दोन दीनार देऊन पुढचा जास्तीचा खर्चही आपण भरू असे रक्षकाला सांगतो. उतारशाळा म्हणजे काही दवाखाना नव्हता. तो मुक्काम ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ होता काय, असे आजच्या फाइलवाल्याने विचारले असते तर उत्तर देणे कठीण गेले असते. शोमरोन्याने तो प्रश्न विचारला नाही. मात्र एक लक्षात घ्यावे : ते दोन दीनार त्याचे स्वतःचे होते. स्वतःच्या पैशाने उदार होताना पुरावा मागण्याची गरज नसते. सर्वांच्या पेटीतून देताना मात्र प्रश्न विचारावाच लागतो. या दोन गोष्टींची गल्लत झाली म्हणजे एकतर आपण विम्याकडून दयेची अपेक्षा करतो किंवा शेजाऱ्याकडे विमा कंपनीच्या नजरेने पाहू लागतो. दुसरा प्रकार मंडळीत जास्त आढळतो. आजाऱ्याला भेटायला गेलेला वडील जेव्हा ‘एवढ्याशासाठी कशाला ॲडमिट झालात?’ म्हणतो, तेव्हा त्याला कोणी ते काम दिलेले नसते.

म्हणून त्या विधवेचे आठ दिवस मंडळीच्या वहीत लिहिले गेले पाहिजेत, कंपनीच्या नव्हे. कोणी सकाळी जावे, कोणी रात्री निजायला जावे, कोणाची तळमजल्याची खोली पंधरा दिवस मिळेल काय ते पाहावे. महिला मंडळे हे करीत आलीच आहेत; फक्त ते पुष्कळदा ओळखीपुरते राहते. कारखान्याच्या गावी परक्या ठिकाणाहून आलेल्या कुटुंबाची ओळखच कोणाशी नसते, आणि डिस्चार्जच्या दिवशी सर्वांत एकटे तेच असते.

खेरडीच्या बंधूचा प्रश्न मात्र वेगळा. त्याला दया नको, न्याय हवा, आणि तो मागण्याची वाट आहे. नकाराचे पत्र आले की प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जावे व कोणत्या कलमाखाली नाकारले ते विचारावे. मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कंपनीतील समितीच्या मंजुरीवाचून दावा नाकारता येत नाही. ती मंजुरी झाली काय, हेही विचारता येते. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे अर्ज करावा. दादरा आणि नगर हवेलीसाठी ते कार्यालय अहमदाबादला आहे. महाराष्ट्रातील वाचकांसाठी मुंबई व पुणे येथेही कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. आयुष्मान कार्डाची तक्रार असेल तर १४५५५ या क्रमांकावर फोन करावा. ग्राहक आयोगाची वाटही मोकळी आहे. मार्च २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाने एका गृहस्थांना त्यांच्या पत्नीच्या उपचाराचे पैसे देवविले. चोवीस तास भरले नाहीत म्हणून कंपनीने नकार दिला होता. आयोगाचे म्हणणे असे पडले की पूर्वी लोकांना फार दिवस राहावे लागे, आता नव्या उपचारांनी काम लवकर उरकते, तेव्हा केवळ घड्याळाकडे पाहून दावा नाकारता येत नाही.

अर्जासोबत केसपेपरची नक्कल, दोन्ही तपासण्यांचे कागद वेळेसह, आणि का ठेवून घेतले याबद्दल डॉक्टरांचे दोन ओळींचे पत्र जोडावे. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांना शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी एखाद्या रविवारी उपासनेनंतर अर्धा तास बसून अर्ज लिहून द्यावा.